फुटपाथवरची बावीस नावं

३ फेब्रुवारी
नगरपालिकेची नोटीस आली. फुटपाथवर विकायला बसणाऱ्यांनी नावं नोंदवा — ओळखपत्र आणि हक्काची जागा मिळेल. वाचता येतं म्हणून सगळे माझ्याकडे. किल्लीवाले भाऊजी म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळीही असंच गोड लिहिलं होतं."
होतं. ह्यांनीच तेव्हा सगळ्यांची नावं गोळा करून दिली. चौथ्या दिवशी ट्रक आला आणि यादी वाचून एकेकाचा माल उचलून नेला. कुणी ह्यांना बोल लावला नाही. ह्यांनीच लावून घेतला — अगदी शेवटच्या आजारपणापर्यंत.

५ फेब्रुवारी
कचेरीतून पूर्ण नियम मागून आणले. अकरा पानं. सातव्यावर आहे — नोंद असेल त्याला सुनावणीशिवाय हलवायचं नाही. मागच्या वेळी हे नव्हतं! केळीवालीला वाचून दाखवलं.
"तू वाचलंस, काकू. ट्रकवाल्यानं वाचलंय का?"

६ फेब्रुवारी
ठरलं. आधी माझं एकटीचं नाव. गेली तर माझी बटणं-दोऱ्यांची पेटी जाईल.

७ फेब्रुवारी
कारकून जुन्या यादीवरून ह्यांचंच नाव उतरवायला लागला. म्हटलं, ते नाहीत. आता मी बसते, माझं लिहा. आणि पोच द्या, शिक्क्यासकट. कुरकुरत दिली.

११ फेब्रुवारी
दुपारी ट्रक आलाच. बाकीचे माल गुंडाळून पसार. मी पोच आणि सातवं पान धरून उभी. मुकादमानं अडखळत, मोठ्यानं वाचलं. दोनदा. मग ड्रायव्हरला म्हणाला, "चल पुढं. या इथं बसतात."
गेला ट्रक! रिकामा गेला!
केळीवाली परत आली, टोपली ठेवली. "माझंही नाव लिही."

२० फेब्रुवारी
माझा धरून बावीस अर्ज भरून झाले. बोटं दुखतात. भाऊजी तयार झाले सगळ्यांत शेवटी, कचेरीच्या रांगेत मात्र पहिले!

१० एप्रिल
बावीसच्या बावीस! गळ्यात ओळखपत्रं, जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकाला नंबर. फोटोत मी चोरासारखी दिसते. भाऊजी म्हणतात, असू दे वहिनी, सरकारी शिक्क्याचा चोर.
हे असते तर पट्टी वाकडी आहे म्हणून रंगाऱ्याशी भांडले असते. आहेच जरा वाकडी.

१९ एप्रिल
सकाळी एक नवी बाई कोपऱ्यावर कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसली होती. अर्ज भरून देते, असं सांगायला गेले. तिनं माझ्या गळ्यातलं नगरपालिकेचं ओळखपत्र पाहिलं, जुड्या फडक्यात कोंबल्या, आणि माझ्यापासून पळाली.