शिळ्या पावाच्या पिशव्या

मोकनीन, ता. ३ मे

चि. लसाद यास अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. काल बाबांना पोलीस घेऊन गेले.

पावाच्या रांगा लांबल्यापासून तुमची शुद्धी चळवळ गावोगाव साठेबाज हुडकत फिरते आहे, हे तुला मी काय सांगू? तुमची चार पोरं आपल्या गोठ्यात शिरली, खुंट्यांवरच्या पिशव्यांचा फोटो काढला आणि वर लिहिलं की बड्यांनी जनतेचा पाव दडवला. बडे म्हणजे आपले बाबा, शाळेचे जुने पहारेकरी! पाव कचऱ्यात टाकणं पाप, म्हणून अख्खी गल्ली शिळे तुकडे पिशवीत घालून आपल्या दाराला अडकवते आणि बाबा ते मेंढ्यांना घालतात. त्या पोरांच्या आयाही त्यातल्याच. मला शिसारी आली.

तो फोटो ट्यूनिसच्या तुमच्या कचेरीतून देशभर गेला. तिथेच तू बसतोस. तो पाव शिळा आहे, एवढी एक ओळ लिही. बाबांचं दम्याचं औषध ठाण्यावर दिलंय, पण त्यांच्यापर्यंत पोचलं का ते कोणी सांगत नाही.

वाट पाहणारी,
ताई

ट्यूनिस, ता. ९ मे

ती. दलिंदाताईस सलाम, वि. वि.

तुझा राग समजतो. मी स्वतः नेत्यांना भेटलो. बाबा लवकरच सुटतील, पण गाजावाजा नको, असं ते म्हणाले. खुलासा मात्र करता येणार नाही. एकदा चुकलो म्हटलं की विरोधकांच्या हाती आयतं कोलीत मिळेल. इतकी वर्षं त्या लुटारूंनी देश ओरबाडला, तेव्हा कोणी पत्रं लिहिली का?

फोटो माझ्याच हातून पुढे गेला, पण भिंत ओळखली नाही, आईशपथ. ईदला येतोच. बाबांना म्हणावं, चांगला मेंढा राखून ठेवा.

तुझ्या मायेचा भुकेला,
लसाद

मोकनीन, ता. २० मे

चि. लसाद यास आशीर्वाद.

बाबा घरी आले. भाजीवाल्यानं भर बाजारात त्यांना साठेबाज म्हणून हाक मारली. त्याचीही पिशवी आपल्या दाराला असायची. मेलेल्या आईची शपथ घेतलीस, तेव्हापासून तर तुझं नाव काढलं तरी घास उतरत नाही.

बाबांनी एकदाच विचारलं, लसादनं फोटो पाहिला होता का. भिंत ओळखली नाही म्हणे, असं मी सांगितलं. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. पिशव्यांच्या मधोमध तुझं शाळेचं निळं दप्तर आहे, त्यावर आईनं लाल दोऱ्यानं भरलेलं तुझं नाव. मग म्हणाले, फोन लहान असतो, दिसलं नसेल पोराला.

आता भीतीपोटी कोणी दाराला पाव अडकवत नाही. कोपऱ्यावरच्या कचऱ्यात पावाचा ढीग पडतो आणि बाबा खाली मान घालून पलीकडून जातात. मेंढ्या विकल्या.

ईदला ये. दप्तर धुऊन ठेवलंय, तेवढं घेऊन जा. लोभाचं पुढे बघू.

दलिंदा