चारातला एक वाटा

लियों, ४ ऑक्टोबर १९७४

ती. मोंजियाताईस बशीरचा सलाम. वि. वि.

इथे थंडी पडली. मामा मजेत आहेत. माझ्या हातच्या कुसकुसला अजून नावं ठेवतात.

कारखाना सुटल्यावर मी गणिताच्या वर्गाला जातो. काल मास्तरांना आपला सीगचा डाव सांगितला. मामा दोघांपैकी एकालाच ठेवून घेणार होते, आणि डोळे गेलेल्या आईपाशी एकाला राहायचं होतं, म्हणून आपण वाळूत खजुराच्या चार चिरलेल्या काड्या उडवल्या. एक बाजू पांढरी, एक हिरवी. चारही एकाच रंगाच्या पडल्या तर तू इथे नर्सिंग शिकायला यायचंस; दोन-दोन पडल्या तर मी यायचं. बाकी काही पडलं तर पुन्हा उडवायच्या. अट तूच घातली होतीस. मला वाटलं, निकाल दोनच, म्हणजे संधी निम्मी-निम्मी.

मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवलं. चारही एका रंगाच्या पडायच्या तऱ्हा दोन, दोन-दोन पडायच्या सहा. ताई, माझं पारडं तिप्पट जड होतं! तुला हे ठाऊक होतं का? खरं सांग. घास उतरत नाही.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझा बशीर


दूझ, २० ऑक्टोबर

चि. बशीर यास अनेक आशीर्वाद.

ठाऊक होतं, वेड्या. लहानपणापासून खेळतेय, काय जास्त वेळा पडतं ते कळतंच. सरळ जा म्हटलं असतं तर गेला असतास का? आईच्या गळ्यात पडून रडत बसला असतास.

पण मला फार थोर करू नकोस. चारातला एक वाटा मी माझ्यासाठी ठेवला होता. काड्या हवेत होत्या तेव्हा तोच लागावा म्हणून जीव कासावीस झाला होता. दोन-दोन पडल्या, तू नाचत सुटलास, आणि मी चुलीपाशी जाऊन धुराला दोष दिला.

आई बरी आहे. दारात पाऊल वाजलं की तुझं नाव घेते. मग मला सांगावं लागतं, मी आहे गं.

नीट जेव. आठवण काढत जा.
तुझी मोंजियाताई


लियों, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सलाम.

आईला आता मी सांभाळीन. मामांनी आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाले, पोरीला पाठव. नर्सिंगचा वर्ग जानेवारीत सुरू होतोय. तुझं वय चालतं, मी स्वतः विचारून आलो. पुढच्या आठवड्याच्या बोटीने निघतोय.

एकच रुखरुख आहे. मी पोचणार आणि तू निघणार. थोडे दिवस तरी थांब, ताई. तुला डोळे भरून बघायचंय.

तुझाच,
बशीर