शांत जागा कुठून आणू?

मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राचं माझं प्रोजेक्ट कापड विणणाऱ्या लूमच्या आवाजावर. आधी कारखान्यातला आवाज मोजायचा, मग तुलनेला एखाद्या शांत जागेतला. शांत जागा म्हणून मी आमची आतली खोली घेतली. दार-खिडकी लावून, पंखा बंद करून तीनदा मोजलं.

सर आकडे बघून हसलेच. "ही शांत जागा? मीटर नीट धरला नसशील. परत घे."

नीट धरला नसेल? भिंतीपलीकडे दिवसरात्र लूम चालतात, हे लिहिलं होतं ना मी! त्याच खोलीत बारावीचा अभ्यास केला. बाबा दुपारी तिथेच झोपतात, अगदी घोरतात. आमच्या गल्लीत याहून शांत जागा नाही. मग काय, भिवंडी सोडून जाऊ मोजायला?

हे सगळं सरांना शांतपणे सांगितलं. खरंच शांतपणे. तर म्हणतात, "अगं, ओरडतेस कशाला?"

ओरडत होते मी?

घरी आल्यावर आईला विचारलं, "मी ओरडून बोलते का गं?"

माझ्या शेजारीच मेथी निवडत बसली होती. मान वर करून म्हणाली, "काय? जरा मोठ्याने बोल ना."