सीतारामची डोलकाठी उतरवण्याबाबत

डिलाईल रोड, मुंबई
वैशाख अर्धा सरला

चि. कोंडीराम यास,

थोरल्या बहिणीचा तोंडभर आशीर्वाद. तोंड माझं, अक्षर सूनबाईचं. तेव्हा वळण सुरेख दिसलं तर ते बकुळेचं आणि मजकूर वाकडा वाटला तर तो माझा. तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या बायकोचा खोकला गेला, की अजून तिला काढे पाजतोयस? (पाजत असलास तर थांबव. तिला खोकला तुझ्या विडीचा आहे.) आम्ही दोघी बऱ्या आहोत. पाणी सकाळी येतं, बातम्या दिवसभर येतात, मुंबई अजून महाराष्ट्रात यायची आहे.

कामाचं आधी सांगते. चाळीच्या छपरावरची सीतारामची डोलकाठी पावसाआधी उतरवायची आहे. मालकाने तशी तंबी दिली आहे, आणि बकुळेचंही तेच म्हणणं आहे. काठी तू तासलीस, तू उभी केलीस, तेव्हा कौलं न फोडता ती खाली आणणारा माणूसही तूच. माझी काही हरकत नाही. लेक जाऊन वर्ष होत आलं. आता काठी धरून मला काय नौका हाकायची आहे? (हे लिही गो. थांबू नको.)

ती आणली तो दिवस आठवला की अजून हसू येतं. तू होडीतून भाऊच्या धक्क्याला उतरवलीस, हातगाडीवर बांधलीस, आणि सीताराम पुढे, तू मागे असे निघालात. काठी एवढी लांब की तिचं एक टोक एका गल्लीत आणि दुसरं दुसऱ्या गल्लीत. लोकांना वाटलं, समितीच्या सभेला झेंड्याचा खांब चाललाय. लालबागेपर्यंत मागे अख्खी मिरवणूक! 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून घोषणा चालल्यात, आणि सीताराम बिचारा मागे वळून सांगतोय, अहो, ही रेडिओची आहे. कोण ऐकतो? चाळीच्या दारात कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला आणि म्हणालं, दोन शब्द बोला. माझा लेक! समोरच्या खोलीतल्या माणसाशी जो कधी दोन शब्द बोलला नाही, तो काय भाषण करणार? 'काठी जरा सांभाळून धरा' एवढंच म्हणाला. त्यालाही टाळ्या पडल्या.

नाद तरी कसला म्हणावा! गिरणीत दिवसभर वायरमनचं काम करायचं, आणि घरी येऊन चोरबाजारातून आणलेल्या लढाईतल्या बिनतारी यंत्रावर टकटक करत परमुलखातल्या अनोळखी माणसांशी बोलायचं. तेही सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून. आफ्रिकेतल्या कुणाची म्हैस आजारी पडली की आम्हाला जेवताना कळायचं. (म्हैस नव्हे, गाय होती, असं बकुळा म्हणते. तिला बरं ठाऊक.) पोलीसही एकदा विचारायला आले, इथून समितीचे निरोप तर जात नाहीत ना. सीतारामने हवालदाराच्या डोक्यावर कानाचं यंत्र चढवलं. त्याने डोळे मिटून पुष्कळ वेळ ऐकलं, म्हणाला, तव्यावर काहीतरी तडतडतंय. चहा पिऊन गेले.

काठीच्या टोकापासून समोरच्या चाळीच्या छपरापर्यंत तांब्याची तार. मी बाईमाणूस, मला तार दिसली की त्यावर काहीतरी वाळत घालावंसं वाटतं. तेव्हा एकदा समोरच्या छपरावर ती हाताशी येते तिथे बोंबील घातले. संध्याकाळी सीताराम यंत्राचे कान पिळपिळून थकला, म्हणे आई, आज रशिया लागतच नाही. बकुळेने वर बोट दाखवलं. वर रशियाच्या वाटेवर माझे बोंबील ओळीने लटकलेले. तो म्हणाला, आई, त्या तारेला कुणी शिवायचं नाही. मी म्हटलं, का रे मेल्या, सोवळ्यात आहे का ती?

आणि तारेपासून खाली आमच्या खिडकीत येणारी ती जोडतार! तिची तर कधी धड गाठ राहिली नाही. उंदीर कुरतडायचे, कावळे ओढायचे, पावसात गंज चढायचा. दर रविवारी तो कौलांवर, आणि बकुळा खाली काठीच्या तणाव्याचा दोर धरून उभी. तो वरून म्हणायचा 'ढील दे', ही द्यायची. तो म्हणायचा 'आवळ', ही आवळायची. उभ्या संसारात त्या दोघांचं मी ऐकलेलं बोलणं ते एवढंच. पण काय सांगू कोंडीराम, मजेत चालला होता संसार.

(शाई संपली म्हणून थांबलो. दौत भरलेली दिसते आहे, पण बकुळा संपली म्हणते तर संपली.)

मग त्याच्या छातीत ताप शिरला. ते तू जाणतोस, पुन्हा लिहायला लावत नाही. तेराव्याला वडाळ्याचा शरच्चंद्र आला, तोही ह्याच नादातला. म्हणाला, मावशी, आमच्यात माणूस गेला असं म्हणत नाहीत. त्याची किल्ली मुकी झाली म्हणतात. मला वाटलं, पोराला ट्रंकेची किल्ली हवी आहे, लाजून आडून मागतोय. मी कनवटीचा जुडगा काढून त्याच्या हातात दिला. तो मुलगा तो जुडगा धरून असा रडला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. नंतर कळलं, ज्यावर टकटक करतात त्या दांड्याला ते किल्ली म्हणतात.

तर असो. ये आणि काठी उतरवून ने. तुझ्या कुठल्या होडीला लागली तर लाव. येताना कोकम आण, गेल्या खेपेचं आंबट नव्हतं.

तुझी ताई,
सुंदराबाई

ता.क. हे अक्षर शेजारच्या कांताचं आहे, तेव्हा कावळ्याचे पाय दिसले तर नावं ठेवू नको. बकुळा नळावर गेली आहे. वर लिहिलं ते सगळं तिच्या देखत सांगितलेलं. आता खरं ऐक. काठी उतरवायला येऊ नको. दुपारी मी झोपले असं समजून ती कानाला ते यंत्र लावून बसते. तिला सगळं कळतं, त्याने शिकवलंय. शरच्चंद्र म्हणतो, अजून दूरचं कुणीतरी सीतारामला हाक मारतं, तो गेला हे त्याला कळलेलं नाही. परवाना त्याच्या नावाचा, त्यामुळे हिला ओ देता येत नाही. मांडीवर बोट तेवढं हलतं. मी डोळे मिटून बघत पडते. तिच्या भावाचं बोलावणं आलंय. परवा म्हणाली, काठीचं एकदा झालं की मी जाते. आपल्यात माहेरी निघालेली बाई 'येते' म्हणते. इतक्या वर्षांत उंबऱ्याबाहेर पडताना ती कधी 'जाते' म्हणाली नव्हती. तिला जायचं असेल तर मी अडवणार नाही, पण काठी बघून मला त्रास होतो असं समजून तिने ती काढायची आणि काठी गेली म्हणून तिने जायचं, असं नको. शरच्चंद्र तणावे आवळून देतो, काठी हा पावसाळा काढेल म्हणतो. मालकाला मी बघून घेते, तो मला भितो.

आणखी एक. ह्या ता.क.ला उत्तर देऊ नको. तुझी पत्रं मला तीच वाचून दाखवते. नव्या होडीचं काम आहे, दसऱ्यापर्यंत सवड नाही, एवढंच लिही. ती वाचेल, मी अरेरे म्हणेन.