रामघाटावर सोडलेली जिलबी

आई, काल तुझं श्राद्ध झालं आणि तुझ्या पानात आम्ही जिलबी वाढली. रागावू नकोस, आधी ऐकून घे. ज्याचं श्राद्ध त्याच्या आवडीचं पानात असावं, ही आपली रीत. पण इतकी वर्षं तुझ्या पानात नेमकं तेच नसायचं, कारण तू जिलबी सोडली होतीस. माझ्यामुळे.

रविवारची सकाळ आठवते. बाबा देवास गेटवरून पोहे-जिलबी घेऊन येतात आणि तू तुझ्यातली अर्धी मोडून माझ्या बशीत टाकतेस. त्याच वर्षी मी वाळत गेले, माठच्या माठ पाणी प्यायला लागले आणि डॉक्टरांनी साखर सांगितली. शेजारच्या काकू उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "लाड करून करून तुम्हीच पोरीला शुगर लावून दिली, वहिनी." एरवी दूधवाल्याची बिनपाण्याने करणारी तू, त्या दिवशी गप्प बसलीस. पुढच्या एकादशीला रामघाटावर गेलीस, ओंजळीत क्षिप्रेचं पाणी घेतलंस आणि जन्मभरासाठी जिलबी सोडलीस. मी पायरीवर बसून बघत होते. मला वाटलं, आता मी बरी होणार. झाले नाही, उलट तुझं काम वाढलं. घरात फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायचीस, काचेची सिरिंज उकळायचीस आणि सुई टोचली की माझ्याआधी तूच "आई गं" म्हणायचीस.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. माझ्या लेकीपेक्षाही लहान असेल पोरगी. गंमत म्हणून तिला तुझ्या जिलबीची गोष्ट सांगितली, तर ती हसली नाही. "आंटी, मीठा खाने से ये वाली शुगर होती ही नहीं," म्हणाली आणि कागदावर चित्र काढत बसली. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यात पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात आणि इन्सुलिन तिथेच बनतं. माझ्या अंगातल्या राखणदार पेशींनी त्यांनाच शत्रू समजून घेराव घातला. तिथे सूज आली, सुजेने त्या पेशी आणखी हैराण झाल्या, आणि त्यांच्या हाकेने उलट नवे राखणदार मारायला धावून आले. ही सूज दिसत नाही, दुखतही नाही. खूप काळ आतल्या आत चालतं आणि बहुतेक पेशी संपल्या की मग तहान लागते. सुरुवात कशाने होते ते अजून नीट कळलेलं नाही, असंही ती म्हणाली. म्हणजे तू मला अर्धी जिलबी देत होतीस तेव्हा घर आतून पेटलेलंच होतं. रिक्षात बसून मी रडले, आई. तुझ्यासाठी रडले, आणि त्या काकूंच्या रागानेही. त्याही आता तिकडेच आहेत. भेटल्या तर सांग त्यांना.

काल दादा अडून बसला. "अगं, पण आईने पाणी सोडलं होतं ना? आपण कसं तोडायचं?" मी म्हटलं, "तिने स्वतःला शिक्षा केली होती, दादा. गुन्हा झालाच नव्हता." तो गुरुजींकडे बघत राहिला. गुरुजी दर्भ आवरत म्हणाले, "नेम देहाबरोबर संपतो. वाढा निश्चिंत." मग दादा स्वतःच चप्पल घालून देवास गेटला गेला. पान गच्चीवर ठेवलं तेव्हा जिलबी गरम होती.

हे तू जिवंत असताना कळायला हवं होतं. त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. हे पत्र मी कुठे टाकणार, तेही कळत नाही.

आणि एक. पुड्यातली एक जिलबी मी घेतली. इन्सुलिन वाढवून घेतलं, ओरडू नकोस. अर्धी खाल्ली आणि अर्धी तुझी म्हणून बशीत ठेवली. संध्याकाळपर्यंत ठेवली होती. मग तीही मीच खाल्ली.