तुम्ही खाल तेवढंच

बाबा,

१. आमच्या प्रयोगशाळेत काही उंदरांच्या अंगात कर्करोगाची गाठ वाढते आहे. त्यांनी खाणं सोडत आणलं.
२. ते खातात तेवढंच मोजून निरोगी उंदरांनाही दिलं.
३. गाठीचं वजन वजा केलं. दोन्ही गट वाळले, आजारी गट कितीतरी जास्त.
४. आईला अजून सांगितलेलं नाही.

निरोगी प्राण्याला अर्धपोटी का ठेवता, असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. मलाही ते आवडत नाही. पण त्याशिवाय अंग उपासाने झडलं की आजाराने, हे वेगळं काढता येत नाही. हा आजार नुसती भूक मारत नाही, स्नायूही झिजवतो. पोटात गेलेलं अंगी लागत नाही. हे मी कधीच शिकले होते. तरी या आठवड्यात पिंजऱ्यांसमोर उभी असताना दांडिया बाजारातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं आणि वजनकाट्यावरचा आकडा मला दोनदा वाचावा लागला.

मी बारावीत आहे. तुम्ही अर्ध्या पोळीवर थांबता. आई म्हणते, "तुम्ही खाल तेवढंच मी खाईन. बघू कोण हरतं."

"हट्टात तू माझ्यावर गेलीस," तुम्ही तिला म्हणता आणि दुसरी पोळी मागता, कारण त्याशिवाय तिच्या ताटात दुसरी पडणार नाही. थोड्या वेळाने मोरीत नळ मोठा सोडून ओकता. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी आहे.

"आईला बोलू नको हं. जेवू दे तिला."

मी शब्द दिला, आणि आजवर तिला बोलले नाही.

आणखी चार घास भरवले असते तर तुम्ही तगला असता, असं ती आजही धरून बसली आहे. एका पोळीवर उठते. परवा मी आग्रह केला, तर अर्धं गुजरातीत म्हणाली, "चालशे मला. त्यांना कुठे जास्त लागायचं?" तिची मनगटं पाहिली की मी नजर वळवते.

रविवारी ती माझ्याकडे मांजलपूरला जेवायला येणार आहे. नुसत्या उंदरांवर तिचा विश्वास बसणार नाही. म्हणेल, दुसरी पोळी खायचे त्या दिवशी बरे दिसायचे. म्हणजे मोरीतलंही सांगावं लागेल, आणि ते न सांगण्याचा शब्द मी तुम्हाला दिला आहे.

तिने पोटभर जेवावं म्हणून त्या शब्दातून सुटका मागते आहे, असं लिहिणार होते. ते पुरतं खरं नाही. एकटीने हे सांभाळून मी थकले आहे.

हे पत्र कुठेही जाणार नाही, हे मला कळतं. तरी शनिवारपर्यंत उत्तर द्या.