पाणी चढल्यावर या

सांगली,
श्रावण वद्य सप्तमी, १९४६

प्रिय अंजना,

लग्नात तुझं नाव बदललं. नवीन नाव मला आता कळलंय, पण ते लिहायला हात वळत नाही, तेव्हा जुनंच चालवून घे. हे पत्र पोस्टानं येणार नाही. कसं येणार ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं काही वाचायची नाहीस. पुस्तकाचं शेवटचं पान पहिल्यांदा उघडायची तुझी खोड मी विसरलेलो नाही.

घर विकलं. नदीकडचं, आपलं... चुकलो, आमचं घर. दसऱ्याला ताबा द्यायचाय. तू म्हणशील, एवढ्याशा बातमीला एवढे कागद कशाला? पण विकायचं हे ठरायला एक दिवस पुरला आणि कधी विकायचं हे ठरेना म्हणून सहा महिने गेले. त्या 'कधी'ची हकिकत तुझ्याशिवाय कुणाला सांगावी असं माणूस मला नाही.

तात्यांना तू पाहिलेलं आहेस. वर्षातून दोनदा मलकापूरहून ज्वारीचं पोतं घेऊन यायचे, पलटणीतला जुना कोट घालून ओट्यावर बसायचे आणि तुझ्या आईच्या हातचा चहा पिऊन "लय ग्वाड केलाय, वैनी" म्हणायचे. हवालदारकीतून साठवलेल्या पैशात त्यांनी हे घर घेतलं ते आपल्या पोरानं, म्हणजे मी, सांगलीत राहून कॉलेज करावं म्हणून. वर मी, खाली भाड्यानं तुम्ही. मी कॉलेज सोडलं त्याला तीन वर्षं झाली तरी ते गप्प होते. गेल्या माघात आले आणि कोट न काढताच म्हणाले, "जोतीराम, शिकणारं पोरगं न्हाई तर सांगलीत घर कशाला? इकून टाकू. मळ्यात हीर पाडू. तू न्हाई शिकलास, हिरीला तरी पानी लागंल." मी तडकलो. म्हणालो, "मग हिरीलाच घाला कॉलेजात!" त्यावर ते हसले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

विकायचं काम आप्पासोंकडे दिलं. त्यांच्या हळदीच्या अडतीवर मी काम करतो. पोती मोजायची, नमुने फोडून दाखवायचे. बोटं बारा महिने नवरदेवासारखी पिवळी असतात. मला हळद लागली ती अशी. आप्पासो हळद विकतात तशीच अधूनमधून घरंही विकतात, आणि दोन्ही खडखडीत वाळल्यावरच गिऱ्हाइकापुढं ठेवायची, हे त्यांचं शास्त्र. त्यांच्या मतानं सांगलीत नदीकडचं घर विकायला वर्षात दीड महिनाच मिळतो. होळी ते अक्षय तृतीया. हळदीचा पैसा लोकांच्या हातात आलेला, नदी वाळूत लपलेली, भिंती कोरड्या. "मिरगाच्या आत उरकायचं, गड्या. आषाढ-श्रावणात नदीकडचं घर दाखवायचं म्हंजे पडसं झाल्याली नवरी दाखवायची. भादव्यात पितर बसत्यात. दसऱ्याला लोकांचं ध्यान सोन्यात, आन् पौषात बोलनी करतंय कोन?" असं बोलत बोलत त्यांनी गवंडी लावून खालच्या खोल्यांना चुना मारून घेतला. तुमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ होती, आठवते? तुझी आई तिच्यापुढं पिठाचा डबा ठेवायची. तुम्ही होता त्या चार वर्षांत नदी ओट्यालाही शिवली नाही, म्हणून ती रेघ तुम्हाला कुणा आजोबा-पणजोबांच्या काळातली वाटायची. जुन्या पुराची ती रेघ चुन्याखाली गेली.

जिन्याची चौथी पायरीही आप्पासोंना ठोकून घ्यायची होती. "कुई करून वाजती. गिऱ्हाइकाला वाटंल घर खिळखिळं झालंय." सुतारानं खिळा तोंडात धरला होता. मी त्याच्या हातातला हातोडा हिसकावला आणि अंगणात भिरकावला. तो बिचारा खिळा तसाच तोंडात धरून घरी गेला.

त्या पायरीचं तुला मी काय सांगायचं? फळी एका अंगाला सुटलेली, म्हणून वाजायची, आणि म्हणूनच तिच्याखाली एक पातळ पुस्तक सरकेल एवढी फट होती. वाचून झालेलं पुस्तक मी तिथं ठेवायचं, चार दिवसांनी तू ते परत ठेवायचं. खूण म्हणून आत कधी केरसुणीची काडी, कधी तुझ्या वेणीतला लाल लोकरीचा धागा. घाटावर निघालीस की तू त्या पायरीवर दोनदा पाय आपटायचीस आणि मला नेमकं तेव्हाच पोहायला जायचं सुचायचं. बोललो असं किती आपण? सगळं मिळून एक दुपारसुद्धा भरणार नाही. एकदा घागर घासता घासता, माझ्याकडं न बघता, तू म्हणाली होतीस, "तुमी वर चढताना चौथी पायरी वाजली, की आई दोन भाकरीचं पीठ वाढीव घेती." एवढंच. मी ते वाक्य सहा महिने पुरवलं.

तात्यांनी तुझ्या आण्णांकडं शब्द टाकला होता, हे तुला सांगितलं होतं की नाही कोण जाणे. आण्णा म्हणाले, पोरगं इंटर पास होऊ द्या, मग बघू. मी अभ्यासाला बसलो. शपथेवर सांगतो, खरंच बसलो. मग आण्णांची गुळाच्या पेढीवरची नोकरी सुटली, तुम्ही बिऱ्हाड उचलून साताऱ्याला गेलात, आणि परीक्षेच्या दुसऱ्या पेपरच्या सकाळी आण्णांचं कार्ड आलं. मुलीचा साखरपुडा झाला, स्थळ साताऱ्यातलंच, माणसं चांगली, आशीर्वाद असावा. तसाच पेपरला गेलो. निम्मा लिहून झाला असेल. देखरेखीवरचे मास्तर शेजारी येऊन म्हणाले, "अक्षर सुधारा जरा." मी पेपर उभा फाडला, दोन्ही तुकडे त्यांच्या हातात दिले आणि बाहेर पडलो. माझं कॉलेज तिथं संपलं. आता वाटतं, अक्षर वाईट होतं हे खरंच होतं.

तर आता यंदाच्या चैत्रातली गोष्ट. पाडव्यानंतर पाचव्या दिवशी साताऱ्याहून एक पाव्हणे घर बघायला आले. पांढऱ्या मिशा, जाड भिंगांचा चष्मा, भर उन्हात हातात मिटलेली छत्री. मुलगा सांगलीत मालमोटारीचा धंदा टाकणार होता, त्याच्या बिऱ्हाडासाठी घर हवं होतं. भिंतीवरून त्यांनी हात फिरवला, बोटाला नवा चुना लागला, तो धोतराला पुसला आणि नुसते हसले. भाव आप्पासोंनी सांगितला तोच मान्य. इसारासाठी पिशवीत हात घातला, मग म्हणाले, "थांबा, वरचं बगून येतो." आणि जिना चढताना त्यांनी एक गोष्ट केली. कोणती ते मागाहून सांगतो. ती बघितली आणि माझं डोकं सटकलं. "घर विकायचं न्हाई!" मी ओरडलो. "आवं पर आत्ताच तर..." पाव्हणे गोंधळले. "न्हाई म्हंजे न्हाई. चला, उतरा खाली." ते उतरले, छत्री घेतली आणि जाताना म्हणाले, "पोरा, ऊन लागलंय तुला. सावलीत बस जरा." आप्पासोंनी मात्र गल्ली गोळा केली. "आरं येडं का खुळं तू? वर्साचा दीड महिना, त्यात आल्यालं एक सोन्यासारकं गिऱ्हाईक, आन् त्येला हाकललंस व्हय रं?"

पुढं मी कारणं काढण्यात पटाईत झालो. वैशाखात म्हणालो, लग्नसराईत लोकांचे हात मोकळे नसतात, थांबू. ज्येष्ठात म्हणालो, कौलं शाकारून होऊ देत. तात्यांना लिहिलं, लढाई संपून माणसं घरी यायला लागलीत, दसऱ्यापर्यंत भाव चढेल. आप्पासोंचं शास्त्र मी आप्पासोंपेक्षा चांगलं शिकलो. खरं कारण मात्र कुणापुढं बोलण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी अडतीवरून आलो की मी वर जातच नसे. तुमच्या रिकाम्या स्वयंपाकघरात बसायचो. खिडकीच्या गजाला तू बांधलेला लाल धागा अजून आहे. उन्हानं पार गुलाबी झालाय. चुना मारताना गवंडी तो तोडणार होता, त्याच्याशीही भांडलो. अंजना, मी इतकी भांडणं केली, पण जिथं करायला हवं होतं तिथं, तुझ्या आण्णांपुढं, तोंड उघडलं नाही. भांडखोर माणूस नेमका तिथंच का मुका होतो, हे मला कळलेलं नाही.

नागपंचमीच्या आधी पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलावर पाणी बघायला अख्खी सांगली लोटली होती. मी आपला ओट्यावर बसून होतो. ओट्याची एक पायरी बुडाली, दुसरी बुडाली, तिसरीला नदी थांबली. उंबरा कोरडा. मोठी लढाई जिंकल्यासारखा आत आलो, तर सखल स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी! दारातून थेंब आला नव्हता. मोरीतून, खालून, मुकाट्यानं वर आलं होतं. चुलीतली राख तरंगत होती. चुन्याचे पोपडे सुटून खालची जुनी रेघ उघडी पडली होती. मी तिथंच उभा राहिलो. मला दिसायला लागलं की या चुलीपुढं एक बाई बसली आहे, तिच्या पाठीमागं एक लहान पोर आहे, आणि ती बाई सारखी दाराकडं बघते आहे, पाणी आलं तर तिकडून येईल म्हणून.

त्याच दिवशी साताऱ्याला कार्ड टाकलं. 'चैत्रात चुकलो, माफी असावी. घर द्यायचं आहे. पण आत्ताच बघायला या. पाणी चढल्यावर या.'

मोटारी बंद होत्या, तर ते आगगाडीनं आले. छत्री या खेपेला उघडी, धोतर गुडघ्यावर खोवलेलं. आप्पासो माझ्या कानाशी लागले, "आता तरी त्वांड शिवून बस, बाबा." पण मी पाव्हण्यांना हात धरून पाण्यातून नेलं, मोरी दाखवली, रेघ दाखवली, ती चैत्रात चुन्याखाली होती हेही सांगितलं. आप्पासो पाण्यातच बसायचे बाकी राहिले. पाव्हणे बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "असं घर कोन दावतं का रं पोरा? लोक ऊन बगून दावत्यात."

मी म्हणालो, "तुमाला फसवून द्यायचं नव्हतं."

"मलाच का बरं?"

मी भावाचं बोलणं काढलं. भाव बराच खाली आला. तात्यांना कळवलं आणि शिव्यांची वाट बघत बसलो. कार्ड आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं. 'हीर चार हात कमी पाडू. घर बरूबर दावलंस.' बरोबर केलंस असं त्यांनी मला याआधी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

आता जिन्याची गोष्ट. चैत्रात ते पाव्हणे तीन पायऱ्या इतर कुणीही चढतो तशा चढले. चौथीपाशी थांबले. जपून एक पाय ठेवला, हळूच भार दिला. पायरी वाजली, आणि लहान पोरासारखे हसून स्वतःशीच म्हणाले, "वाजती की! सूनबाईनं सांगितलं तस्शीच." म्हणजे तुझे मामंजी, हंबीरराव. तू कधी काळी या घरात राहिलीस हे त्यांना माहीत होतं, पण वर कोण राहत होतं हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे घर त्यांना तू सुचवलंस की सहज बोलता बोलता निघालं, हेही मी विचारणार नाही. परवा सौदा झाल्यावर ते म्हणाले, "दोनच गोष्टी करून द्या. मोरीला दगडी झाकण बसवा. आन् त्यो जिना ठोकू नका. सूनबाई म्हनत्यात, पायरी वाजू दे, नात वर चढाय लागली की खाली कळतं." मी बरं म्हणालो. झाकण बसवलंय. पायरीला हात लावलेला नाही, म्हणून तर हे पत्र ठेवायला जागा राहिली. वाचून झालं की चुलीत घाल. तू येशील तेव्हा मी मलकापूरला मळ्यात हीर खणत असेन, आणि सांगलीला पुन्हा येणार नाही. आषाढ लागला की झाकण घट्ट बसवत जा, वर भिजलेलं पोतं आणि पोत्यावर पाटा. नदी दारात दिसेल, दिसू दे. दाराकडं बघत बसू नकोस, पाणी तिकडून येत नाही. खिडकीचा धागा सोडायचा की ठेवायचा ते तू ठरव. आणि कधी चुकून त्या पायरीवर दोनदा पाय पडला, तर वर बघू नकोस. वर कुणी नाही.

पायरी वाजेल तोवर तुझाच,
जोतीराम